मी सुधारलेला चौदावा प्रश्न

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचं संपादन गेली नऊ वर्षं माझ्याकडे आहे, आणि या नऊ वर्षांत एकही लेख जसा आला तसा मी छापलेला नाही. एका बाईंनी सासूबाईंच्या आजारपणावर लिहिलं होतं. लेखाच्या शेवटी सासूबाई जातात. मी त्यांना बरं केलं. अंक निघाल्यावर बाईंचा फोन आला, "अहो, त्या खरंच गेल्या हो." मी म्हटलं, दिवाळीच्या अंकात ते कसं दिसलं असतं? पुढच्या वर्षी त्यांनी फक्त अनारशांची पाककृती पाठवली. तीही मी थोडी सुधारली.

हा दोष माझ्या एकट्याचा नाही, घराण्याचा आहे. आमच्याकडे बाहेर पडताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. दिवा विझवत नाहीत, शांत करतात. बांगडी फुटत नाही, वाढते. लहानपणी मी एकदा दारातून 'साखर संपली' असं ओरडत आलो, तर आईनं मला परत बाहेर पाठवून 'साखर आणायची आहे' असं म्हणत आत यायला लावलं होतं. मला इथे आखातात येऊन एकवीस वर्षं झाली, केस पिकले, तरी गाडी रस्त्यात बंद पडली की मी बायकोला फोन करून 'गाडी जरा विश्रांती घेतेय' असंच सांगतो. ती विचारते, "टो करायला कोणाला बोलावलंत का?"

नोकरी मात्र बरोबर उलटी मिळाली. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका गोदामात मी क्वालिटी बघतो. रास अल खैमाहून फरशांचे ट्रक येतात. त्यातल्या काही फरशा उचलून बोटाच्या पेरानं टकटक करायची आणि कान लावायचा. खणखणीत आवाज आला तर पास, बद्द आवाज आला तर आत कुठेतरी तडा आहे असं समजायचं. केसाएवढ्या तड्यासाठी मी अख्खा लॉट परत पाठवलेला आहे. ड्रायव्हर हात जोडतो, "हबीबी, जाने दो ना." मी जाऊ देत नाही. कामावर माझी ख्याती खडूस अशी आहे, आणि तिचा मला अभिमान आहे.

आम्हाला एकच मुलगी. ती इथेच शाळेत शिकली, मग मानसशास्त्र शिकायला अमेरिकेत गेली आणि आता तिथल्याच एका विद्यापीठात संशोधन करते. आम्ही डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहतो. दर शनिवारी संध्याकाळी, म्हणजे तिच्या सकाळी, तिचा फोन येतो. "कशी आहेस?" "मजेत. तुम्ही?" "मजेत." असं झालं की मी हवामानावर येतो. गेली दोन वर्षं ती दिवाळीला घरी आलेली नव्हती. कामाचं कारण द्यायची. मंडळात कोणी विचारलं की मी ते कारण थोडं आणखी मोठं करून सांगायचो.

तिच्या कामाचंही तसंच. लॅटिन अमेरिकेतून अमेरिकेत आलेली, घरात स्पॅनिश बोलणारी कुटुंबं, आणि समलिंगी, ट्रान्स वगैरे तरुण मुलंमुली, यांच्यावर तिचे गाइड काम करतात. या लोकांना काय सोसावं लागतं हे सगळेच विचारतात. इतकं सोसूनही ती माणसं उभी कशाच्या जोरावर राहतात, बरी कशी राहतात, हे ही मंडळी विचारतात. तिनं मला हे तीनदा समजावून सांगितलं होतं. मंडळात कोणी चौकशी केली की मी म्हणायचो, "ती स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांच्या मनावर काम करते." वाक्य तिथेच संपवायचो. उरलेला अर्धा भाग मी संपादित केला होता.

गेल्या फेब्रुवारीत एका शनिवारी ती म्हणाली, "बाबा, तुला एक काम देऊ? तुझं मराठी चांगलं आहे."

मी फुगलो. काम असं होतं, की गाइडची एक प्रश्नावली तिला मराठीत हवी होती. परदेशात राहणाऱ्या मराठी घरांमध्ये ती छोट्या प्रमाणात वापरून बघायची होती. दोन फॉर्म होते, एक तरुण मुलांसाठी आणि एक आईवडिलांसाठी; बरीच वाक्यं दोन्हींत सारखीच. प्रत्येक वाक्यापुढे एक ते पाच आकडे. अजिबात पटत नसेल तर एक, पूर्ण पटत असेल तर पाच. दोन्ही फॉर्मचा शेवटचा प्रश्न जोडीचा होता. मुलाच्या फॉर्मवर 'मी घरी स्वतःबद्दल काहीही सांगू शकतो', आणि आईवडिलांच्या फॉर्मवर 'माझं मूल मला स्वतःबद्दल काहीही सांगू शकतं'.

"एकानं मराठी करायचं," ती म्हणाली, "आणि दुसऱ्यानं, ज्यानं ओरिजिनल बघितलेलंच नाही, त्यानं ते मराठी परत इंग्लिशमध्ये आणायचं. मग मी दोन्ही इंग्लिश शेजारी ठेवून बघते."

"म्हणजे तू मला तपासणार?"

"तुला नाही. ट्रान्सलेशनला. आणि बाबा, प्लीज. काही सुधारू नकोस."

"मी कुठे काय सुधारतो?"

स्वयंपाकघरातून बायको हसल्याचा आवाज आला. तो मी ऐकला नाही असं दाखवलं.

भाषांतर मी गाडीत केलं. घरापासून शारजापर्यंत सकाळच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास जातो. त्या वेळात मी वाक्यं मोठ्यानं म्हणत फोनवर रेकॉर्ड करायचो. शेजारच्या लेनमधली माणसं काचेतून माझ्याकडे बघायची. पहिली दोन वाक्यं सरळ गेली. तिसरं आलं, 'अडचण आली की मला सावरायला फार वेळ लागतो.' हे काय लिहिणं झालं? कोणी बिचारा फॉर्म भरायला बसला तर त्याचं आधीच अवसान गळेल. मी केलं, 'अडचण आली तरी मी लवकर सावरतो.' आठवं होतं, 'माणसांत असूनही मला एकटं वाटतं.' मी केलं, 'मी माणसांत रमतो.' प्रश्नावली करणारा माणूस चांगला शिकलेला असावा, पण घरात त्याला कोणी नीट वळण लावलेलं दिसत नव्हतं.

चौदाव्या प्रश्नावर मी अडलो. तो असा होता: 'घरच्यांना दुःख होईल म्हणून मी स्वतःबद्दलची एक महत्त्वाची गोष्ट त्यांच्यापासून लपवली आहे.' सिग्नलला गाडी थांबली होती आणि मला एकदम डोळ्यांसमोर दिसलं, की कोणातरी मराठी घरात जेवणाच्या टेबलावर हा फॉर्म पडलाय, मुलगा किंवा मुलगी पेन घेऊन बसलीय, आणि समोर बाप पापड भाजतोय. त्या बापाची मला दया आली. मी वाक्य केलं, 'घरच्यांचं मन दुखावणार नाही याची मी काळजी घेतो.' दोनदा म्हणून पाहिलं. लय छान होती. मी स्वतःवर खूश झालो.

दुसरी व्यक्ती मीच शोधून दिली. आमच्यापासून दोन इमारती सोडून रत्नागिरीकडच्या एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांचा मुलगा इथे स्पेअर पार्ट्सचा व्यापार करतो. त्यांनी आयुष्यभर मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं, म्हणून आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. त्या मला भाऊ म्हणतात. मराठी फॉर्म त्यांना नेऊन दिला तर म्हणाल्या, "इन्शाल्ला गुरुवारपर्यंत देते." गुरुवारी गेलो तेव्हा त्यांच्या सुवाच्य अक्षरातलं इंग्रजी तयार होतं. खीर पुढे केली आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "भाऊ, एक विचारू? हे फॉर्म ज्यांच्यासाठी आहेत त्या लोकांना काहीच दुःख नाही का? कुठं राहतात ही माणसं? मलाही जागा बघा तिथं."

मला वाटलं, बाई कौतुक करतायत. मी खीर संपवली.

त्याच दिवशी मुलीनं सांगितलं म्हणून आईवडिलांचा फॉर्म मी स्वतः भरून बघितला. पाच, पाच, चार, पाच. शेवटचा प्रश्न आला, 'माझं मूल मला स्वतःबद्दल काहीही सांगू शकतं.' यात विचार करायचं काय होतं? मी पाचाला गोल केला, आणि तो गोल बारीक दिसला म्हणून त्याच्याभोवती आणखी एक मोठा काढला. फोटो काढून तिला पाठवला.

शनिवारी फोन आला तेव्हा तिनं 'मजेत' म्हटलं नाही.

"बाबा, माझ्यासमोर बाईंचं इंग्लिश आहे. इट्स परफेक्ट. प्रश्न तुझा आहे. मूळ फॉर्ममध्ये नऊ वाक्यं उलटी होती. मुद्दाम. लोक न वाचता सगळीकडे पाच टिक करतात, त्यांना पकडायला. तू नऊच्या नऊ सुलटी केलीस."

"मला वाटलं टायपिंगमध्ये गडबड आहे."

"नऊ वेळा?"

न वाचता सगळीकडे पाच टिक करणाऱ्या माणसाच्या फॉर्मचा फोटो तिच्या फोनमध्ये होता, हे मला तेव्हाच सुचलं.

"तू दिवसभर टाइल्सना टकटक करतोस," ती म्हणाली. "तड्याचा आवाज यावा म्हणूनच ना? मग माझ्या प्रश्नांमधून तो आवाजच काढून टाकलास तर मला काय ऐकू येणार?"

हे बरोबर होतं आणि माझ्याच धंद्यातलं होतं, म्हणून जास्त लागलं. मी वाद घालायचा म्हणून घातला. आपल्या लोकांना असे प्रश्न आवडत नाहीत, घरात कटकटी होतील, वगैरे. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "ओके. चौदावा आता नीट कर. आत्ता. मला वाचून दाखव, मी उत्तर देते. एका माणसाला वाचून दाखवायचंच असतं, त्याला काय समजलं ते बघायला."

मी इंग्रजी पान समोर घेतलं आणि शब्दाला शब्द ठेवून वाचलं, "घरच्यांना दुःख होईल म्हणून मी स्वतःबद्दलची एक महत्त्वाची गोष्ट त्यांच्यापासून लपवली आहे." वाचताना तोंडात खडा आल्यासारखं झालं.

"पाच," ती म्हणाली.

"समजलं ना बरोबर? म्हणजे भाषा..."

"समजलं, बाबा."

"ही ट्रायल आहे ना?"

"नाही."

स्वयंपाकघरातला मिक्सर बंद झाला. मग तिनं मला सांगितलं. तिला मुली आवडतात हे तिला इथे शाळेत असतानाच कळलं होतं. गेली तीन वर्षं ती एका मुलीबरोबर राहते. आम्ही जिला तिची रूममेट समजत होतो, व्हिडिओ कॉलवर जिला मी दर वेळी 'हाऊ इज द वेदर' विचारत होतो, तीच. मेक्सिकोहून आलेल्या कुटुंबातली, तिच्याच विभागात काम करणारी. दिवाळीला मुलगी येत नव्हती कारण इथे आली की ते नाव तिला आठवडाभर तोंडात धरून ठेवावं लागायचं, आणि ते तिला आता जमत नव्हतं.

मी उठून बाल्कनीचं दार लावलं. इथे काही गोष्टी दार उघडं ठेवून बोलत नाहीत. तेवढं व्यवहारज्ञान मला त्या क्षणीही शाबूत होतं, बाकी काही नव्हतं. दार लावून परत आलो, खुर्चीत बसलो आणि नऊ वर्षांचा संपादक, भाषेवर प्रभुत्व वगैरे असलेला हा माणूस म्हणाला, "जेवलीस का?"

तिच्याकडे सकाळचे नऊ वाजले होते.

"नाही," ती म्हणाली.

"बरं. ठीक आहे. बघू." माल परत घेऊन जा असं मी ट्रकवाल्याला सांगतो तेव्हा तो तोंडातल्या तोंडात हेच म्हणतो. फोन बंद झाला.

मला भीती वाटली होती. लोक काय म्हणतील याची वाटली, ती तिथे सुखरूप आहे का याची वाटली, आणि सगळ्यात जास्त म्हणजे ती पुढच्या शनिवारी फोन करणार नाही याची वाटली. बायको दारात हात पुसत उभी होती. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"तुला माहीत होतं?"

"गेल्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेले होते ना, तेव्हा सांगितलं तिनं."

"आणि तू मला..."

"अहो, ती म्हणाली, बाबाला मी सांगेन. मी वाट बघत होते."

खरं सांगतो, त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही ते मुलीच्या बातमीनं नाही. तिनं आईला आधी सांगितलं यानं. आठ महिने घरात सगळ्यांना माहीत असलेली एक गोष्ट होती आणि मी हवामान विचारत होतो. इतका क्षुद्र मी असेन असं मला वाटलं नव्हतं, पण होतो. आणि रागावून पंख्याकडे बघत पडलो असताना माझा तो दुहेरी गोल आठवला. फॉर्मवर कोणी मला बळजबरीनं पाच लिहायला लावलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी तिचा फोन आला. दोन मिनिटांचा. मी उलटी वाक्यं पुन्हा उलटी करून पाठवतो असं सांगितलं. आठवडाभर गाडीत तेच केलं. 'माणसांत असूनही मला एकटं वाटतं' हे ट्रॅफिकमध्ये मोठ्यानं म्हणताना शेजारच्या लेनकडे बघणं मी टाळलं.

एक काम मात्र तसंच राहिलं होतं. मंडळाच्या वधूवर ग्रुपवर मी मुलीचा बायोडेटा टाकलेला होता, तिला न विचारता. तोही अर्थात सुधारून. जिनं आमच्या इथे नूडल्स करपवून फायर अलार्म वाजवला होता तिला मी 'सुगरण' लिहिलं होतं, आणि जिचं आईशी दर सुट्टीत वाजायचं तिला 'मनमिळाऊ'. तो मागे घ्यायचा होता. मी लिहायला बसलो. 'उच्च शिक्षणाच्या वाटचालीत कन्या व्यग्र असल्याने...' खोडलं. 'तूर्तास योग नसल्याने...' खोडलं. अंकाच्या संपादकीयाला मला इतका वेळ लागत नाही. शेवटी लिहिलं, 'माझ्या मुलीचा बायोडेटा मी मागे घेतो आहे. तिच्यासाठी स्थळं पाठवू नयेत.' लगेच एकांनी विचारलं, 'जमलं वाटतं? अभिनंदन.' हात शिवशिवले. 'जमलं' म्हटलं असतं तर सगळं गोडीत मिटलं असतं. पुढे मुलगा कुठला, हे आलं असतं, आणि मी संपादक आहे, मुलगाही तयार केला असता. मी उत्तर दिलंच नाही. दोन दिवस ग्रुपवर शुभेच्छांचे फुगे उडत राहिले आणि मी ते बघत बसलो.

तिनं सगळं सांगितलं त्यानंतरच्या चौथ्या शनिवारी तिचा फोन आला. ती म्हणाली, नीट केलेला फॉर्म त्याच माणसांना पुन्हा भरायला द्यायचा असतो, उत्तरं किती बदलतात ते बघायला. मीही त्यात होतोच. ती एकेक वाक्य वाचत गेली, मी आकडे सांगत गेलो. या वेळी वेळ लागला. 'अडचण आली की मला सावरायला फार वेळ लागतो.' चार. 'मनातलं बोलायची वेळ आली की मी विषय बदलतो.' पाच, आणि हा पाच मी विचार करून सांगतोय असंही म्हटलं. ती हसली. खूप दिवसांनी हसली.

मग शेवटचा प्रश्न आला. "माझं मूल मला स्वतःबद्दल काहीही सांगू शकतं."

मागच्या वेळी दोन गोल काढलेला मी, आता ती खरंच सांगून बसल्यावर, पाच म्हणू शकत नव्हतो. बायोडेटा आठवला. ते 'जेवलीस का' आठवलं. त्या मुलीचं नाव मी घरात अजून एकदाही उच्चारलेलं नव्हतं, हे आठवलं. आणि मला फार वाईट वाटलं, की मोकळेपणानं बोलायला एकुलत्या एका मुलीला प्रश्नावलीचा आधार घ्यावा लागला.

"तीन," मी म्हणालो.

पलीकडे पेनचा आवाज आला. "तीन. ओके."

"तुझा किती?" मी विचारलं. "तुझ्या फॉर्मवरचा, जोडीचा."

"तुला सांगायचं नसतं."

"मी बाप म्हणून विचारतोय."

"लास्ट टाइम एक होता," ती म्हणाली. "आता दोन."

दोन. माझी सवय मला ठाऊक आहे. माझ्या तोंडात आलंच होतं, अगं अडीच तरी कर, तीन कर, बरं दिसेल. जोडीनं छान दिसेल.

"दोनच लिही," मी म्हणालो. "आणि ती आहे का तिथे? दे तिला फोन. हवामान नाही विचारणार."